बेंजोची बोली तीनशेपासून

नोकरी सोडून मला जेमतेम काही महिने झाले होते आणि घरात कशातच लक्ष लागत नव्हतं. फोर्टमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत मी क्लेम्स बघायचे. दुकानात पाणी शिरलं, घराला आग लागली, की लोक भरपाई मागायचे. त्यांची वस्तू किती जुनी, किती वापरलेली, आज तिची किंमत काय उरली, हे ठरवायचं माझं काम. धाकटा मुलगा सारखा आजारी पडू लागला, सासूबाई त्याच सुमारास गावी राहायला गेल्या, म्हणून मी राजीनामा दिला. मुलगा थोड्याच दिवसांत खडखडीत बरा झाला आणि शाळेत जायला लागला. सकाळी नवरा आणि दोन्ही मुलं बाहेर पडली की भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कमधल्या त्या दोन खोल्यांत मी एकटी. कपाटं लावून झाली, डबे घासून झाले, पडदे दोनदा धुऊन झाले. मग मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी खाली बघायचे आणि परत आत यायचे. वाट कोणाची बघतेय, हे मात्र मला सांगता आलं नसतं.

अशाच एका दुपारी आमच्या कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी आले. कापडाच्या धंद्यातून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. कॉम्प्लेक्सचा एक ई-मेल ग्रुप होता, तो तेच चालवायचे. पाणी कधी येणार, टँकर मागवायचा का, लिफ्ट बंद का, असल्याच मेल त्यावर असायच्या. बहुतेक घरांत केबलवाल्याचं नेट नुकतं आलेलं, त्यामुळे लोकांना उगाच काहीतरी लिहायची हौसही होती.

"बेन, तू इन्शुरन्समध्ये होती ने?" अंकल म्हणाले. "तुला जुन्या वस्तूचा भाव काढता येते."

त्यांच्या डोक्यात एक योजना होती. तळमजल्यावर सोसायटीची एक खोली पडून होती. तिथे मुलांसाठी अभ्यासिका करायची. वन रूम किचनमध्ये टीव्ही, पाहुणे आणि स्वयंपाक, अशा गोंधळात दहावी-बारावीची मुलं अभ्यास करणार कुठे? टेबलं, दिवे, पंखे यांना पैसे हवे होते आणि वर्गणी मागितली की लोक दार उघडत नाहीत. म्हणून लिलाव करायचा. ज्याला जे नको असेल ते त्याने द्यायचं. फोटो आणि सुरुवातीची बोली ग्रुपवर टाकायची. ज्याला घ्यायचंय त्याने मेलनेच बोली वाढवायची आणि ठरलेल्या रविवारी संध्याकाळी ज्याची बोली सगळ्यात वर, त्याची वस्तू.

"लोक स्वतः भाव सांगेल तर प्रत्येकाची वस्तू सोन्याची," अंकल म्हणाले. "म्हणून सुरुवातीचा आकडा तू टाक."

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चहाही न विचारता कागद-पेन आणायला गेले.

ते काम मी फारच मनावर घेतलं. वस्तू आमच्याच घरी जमा व्हायच्या. हॉलचा अर्धा भाग भरला. मुलांना जमिनीवर झोपायला जागा उरली नाही म्हणून नवरा कुरकुर करायचा, पण फोटो मात्र त्यानेच आपल्या कॅमेऱ्यावर काढून दिले. लग्नात आलेले टोस्टर, न उघडलेले डिनर सेट, मुलांच्या तीनचाकी सायकली, एक रिकामी फिशटँक, एक सागवानी पाळणा. मी प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून बघायचे, नवीन केवढ्याला मिळते ते दुकानात विचारून यायचे, वर्षागणिक घसारा धरून किंमत उतरवायचे आणि उरलेल्यातून आणखी थोडं कमी करून सुरुवातीची बोली धरायचे. आकडा चढा ठेवला तर कोणी पुढे येत नाही आणि बोलीच आली नाही तर देणाऱ्याचा सगळ्यांसमोर अपमान. कमी ठेवला तर लोक उड्या मारतात, पण देणारा आधीच दुखावतो.

हे दुखावणं मी विसरले होते. ऑफिसात दावेदार माझ्या टेबलासमोर बसून चिडायचा, ते माझ्या-त्याच्यात राहायचं. इथे मी आकडा आधी देणाऱ्याला सांगायचे आणि मग तो सगळं कॉम्प्लेक्स वाचणार होतं. ए-विंगमधल्या एका साहेबांनी व्यायामाचं ट्रेडमिल दिलं होतं. बरीच वर्षं ते त्यावर कपडे वाळत घालत असावेत, कारण पट्ट्यावर चिमट्यांच्या गंजाचे डाग पडले होते. त्यांना माझा आकडा इतका लागला की ते मला लिफ्टमध्ये बघून जिन्याने जायला लागले. पाळणावाल्या आजींनी तर फोन करून विचारलं, "एवढाच गं?" मी त्यांना घसारा म्हणजे काय ते समजावत बसले. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून फोन ठेवला. ते "बरं" दिवसभर माझ्या कानात राहिलं.

यादी जवळजवळ पुरी होत आली तेव्हा वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. भाईंदर पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. मूळची रायगडची. नवरा मस्कतला, मोठ्या इमारतींच्या एसीच्या कामावर सुपरवायझर. मूलबाळ नव्हतं. कामावरून घरी जाऊन ती लगेच खाली आली होती. खांद्याला पर्स, हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

"ताई, हे पण घ्या लिलावात."

चादर सोडली तर आत बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीला वाजवतात तो. लाकडी पेटी, वरून ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. लाउडस्पीकरला जोडायची वायर गुंडाळून बाजूला बांधलेली. बटणांवरचा रंग मधल्या भागात पार उडाला होता.

"हा तुझ्या मिस्टरांचा ना?" मी विचारलं. लग्नाआधी ते गावाकडच्या एका बेंजो पार्टीत वाजवायचे, एवढं मला माहीत होतं.

"त्यांचाच. पण इथे वाजवतंय कोण?"

"त्यांना विचारलंस?"

"पन्नास रुपये लावा," ती म्हणाली. "कुणीतरी घेऊन जाऊ दे लवकर."

आणि ती निघून गेली. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. पण मला यादी पुरी करायची होती. दुसऱ्या दिवशी मी भाईंदरला जाऊन वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "नया लेने का तो है मेरे पास. पुराना कौन लेगा, मॅडम? दो सौ, तीन सौ." एक तार गंजलेली, एक बटण सैल, वय निदान दहा वर्षं. माझ्या हिशोबानेही आकडा तिथेच येत होता. मी तीनशे लिहिले. पन्नास लावायला मन झालं नाही.

यादी ग्रुपवर गेली आणि मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले. भाजी फोडणीला टाकायची, हात पुसायचे, मेल उघडायची. टोस्टरला बोली आली. सायकलींना आली. फिशटँकसाठी दोन घरांत चढाओढ लागली. मधेच नेट जायचं आणि मी केबलवाल्याला फोन करकरून भंडावून सोडायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी पत्त्यावरून मेल आली. तेव्हा सगळेच इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी लिहायचे, तशीच ही होती. "हा बेंजो माझा आहे. तीनशे कोणी ठरवले?"

खाली शेजारणीच्या नवऱ्याचं नाव आणि आमच्याच विंगमधला फ्लॅटचा नंबर. फ्लॅट त्याच्या नावावर असल्यामुळे त्याचा पत्ता ग्रुपमध्ये होता. आतापर्यंत त्याने ग्रुपवर एक ओळ लिहिली नव्हती. तो हे सगळं वाचतो, हेच आमच्यापैकी कोणाच्या लक्षात नव्हतं.

मी लगेच उत्तर लिहायला बसले. पहिल्यांदा मी नव्या वाद्याची किंमत, वय, घसारा, सगळं सविस्तर लिहिलं. मग पुसून टाकलं. मग लिहिलं, "मी ठरवले. वस्तू अभ्यासिकेसाठी देणगी म्हणून आली आहे. परत हवी असल्यास कळवा."

उत्तर येईना. मी गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. मुलं शाळेतून आली, त्यांना खायला दिलं आणि काय दिलं ते मला आठवेना. अंधार पडायच्या सुमाराला त्याची दुसरी मेल आली.

"परत नको. माझी बोली चारशे."

मला वाटलं, बरं झालं, मिटलं. पण आमच्या कॉम्प्लेक्सच्या गणपती मंडळाच्या पोरांनाही बेंजो हवा होता. त्यांनी पन्नास वाढवले. त्याने लगेच सहाशे केले.

ती लॅबमधून परतताना मी तिला जिन्यात गाठलं आणि घरात आणून स्क्रीनसमोर उभं केलं. तिने पर्सही खाली ठेवली नाही. उभ्याउभ्याच सगळ्या मेल वाचल्या, दोनदा. मला वाटलं होतं ती घाबरेल, नाहीतर रडेल.

"सातशे टाका," ती म्हणाली. "माझ्या नावाने."

"अगं, तुझीच वस्तू तू विकत घेणार?"

"टाका ना ताई."

मी टाकले. का टाकले, याचं उत्तर मी नंतर बरेचदा शोधलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही पुढे काय होतं ते बघायचं होतं.

पुढे झालं असं की त्याने हजार केले. मग रोज संध्याकाळी ती कामावरून थेट आमच्याकडे यायला लागली. त्याने वाढवलेलं वाचायची, माझ्याकडून आपली बोली टाकून घ्यायची आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन काहीबाही चिरत बसायची. एकाच फ्लॅटच्या दोन बोल्या एकमेकींवर चढत होत्या. मंडळाची पोरं केव्हाच बाजूला झाली. कॉम्प्लेक्समध्ये दुसरा विषय उरला नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर बायका मला बघून आवाज खाली करायच्या. एकाने ग्रुपवर लिहिलं, "घरातलं घरात मिटवा, आम्हाला फिशटँकचं बघू द्या," आणि पुढे हसरं तोंड काढलं. ते वाचून माझेच कान तापले. तिला मी ती मेल दाखवली नाही.

मग अंकल आले. चपला काढतानाच त्यांनी सुरुवात केली.

"बेन, देणाराने स्वतःच्या वस्तूवर बोली लावायची नाय, असा नियम आपण टाकला."

"हो. पण देणारा कोण धरायचा? वस्तू त्यांची आहे, आणून दिली तिने."

अंकल सोफ्याच्या कडेवर टेकले. त्यांनी बराच विचार केला. "पैसा तर अभ्यासिकेलाच येते," ते म्हणाले. मग मान हलवली. "पण चांगला नाय दिसत. लोक हसते. तू तिला समजाव."

ते गेल्यावर मी सगळी दुपार मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. ती आली तेव्हा मी तिला कॉम्प्युटरपाशी नेलंच नाही. स्वयंपाकघरात बसवलं, तिच्यासमोर गवार ठेवली आणि सांगितलं, "आजपासून तुझी बोली मला टाकता येणार नाही."

ती गवारीच्या शिरा काढत राहिली.

"तुमचं नक्की चाललंय काय?" मी विचारलं.

"दर शुक्रवारी ह्यांचा फोन येतो," ती म्हणाली. "पैसे मिळाले का? मिळाले. गॅस आला का? आला. आई कशी आहे? बरी. ठेवतो. दर शुक्रवारी हेच. मागच्या फोनला म्हणाले, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवलंय, सही केली. वाढवू का, असं नाही. वाढवलंय. मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, गॅस आला का?"

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? सही झालेली." तिने शेंग मोडली. "दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून बेंजो काढला."

मी गवारीची एक मूठ माझ्याकडे ओढली. तीच पुढे म्हणाली, "ताई, गेल्या पाच वर्षांत हे माझ्याशी इतकं भांडले नव्हते. रोज आकडा येतोय. रोज. शुक्रवार नसताना."

तेवढ्यात हॉलमधून थोरल्याने हाक मारली, "आई, मस्कतचे काका!" आम्ही दोघी उठून गेलो. त्याने एकदम पाच हजार लिहिले होते आणि खाली एक ओळ होती: "द्यायच्या आधी मला विचारायला हवे होते."

ती वाचून तिचा चेहरा इतका लाल झाला की मला वाटलं चक्कर येणार. "लिहा, ताई," ती म्हणाली. "कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी मला विचारलं होतं का? लिहा. सगळ्यांना वाचू दे."

कीबोर्ड माझ्या पुढ्यात होता. मी हात मांडीवर ठेवले.

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "हे ग्रुपवर जाणार नाही. तुला बोलायचंय ना? चल, फोन कर त्यांना."

"फोन तेच करतात नेहमी."

"आज तू कर."

घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नव्हता. मुलांना टीव्ही लावून दिला, गवार तशीच टाकली आणि आम्ही रिक्षाने भाईंदर पूर्वेला तिच्या ओळखीच्या आयएसडी बूथवर गेलो. रिक्षात ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी तिला दोनदा म्हटलं, परत फिरायचं का? तिने मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. रिक्षा पुढे जात राहिली.

बूथ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात काचेचं एक कपाट. आत शिरून तिने दार ओढलं, पण ते नीट लागायचं नाही. मी बाहेर स्टुलावर बसले. वर लाल आकड्यांचं मीटर. दुकानदार त्याचं त्याचं काम करत होता, कागदांचे गठ्ठे ठोकून सारखे करत होता. सुरुवातीला मला फक्त तिची पाठ दिसत होती. कोणीतरी फोन घेतला, त्याने तिच्या नवऱ्याला बोलवायला वेळ लावला, तेवढा वेळ ती काचेवर नखाने रेघा ओढत होती.

"मी बोलतेय," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, नाही, कुणाला काही झालं नाही. सगळे बरे आहेत."

पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाच हजार कुठून देणार तुम्ही? तुम्ही पाठवता त्यातून मीच देणार ना? ह्या खिशातून त्या खिशात." आणि मग एकाएकी आवाज चढला. "मला विचारलं होतं का? मला? सही करताना मी कुठे होते?"

दुकानदाराने ठोकणं थांबवलं. मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो पुन्हा ठोकायला लागला.

त्यानंतर तो बोलत असावा. ती नुसती ऐकत होती. एकदा "हं" म्हणाली. एकदा म्हणाली, "मग हे आधी सांगायचं होतं." मीटरवरचे आकडे पळत होते. नंतर ती काचेला टेकून खाली बसली, उकिडवी, रिसीव्हर कानाला तसाच. मग तिचा आवाज इतका खाली गेला की मला ऐकू आला नाही. ऐकू येऊ नये, असंच मला वाटत होतं.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. पैसे देऊन रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "तिथे हे ज्या खोलीत राहतात ना, तिथे सहा जण आहेत. मला वाटायचं कंपनीने फ्लॅट दिलाय." जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "फ्लॅटचं कर्ज लवकर फेडून कायमचं यायचं म्हणून सही केली म्हणे. मला सांगायचं कसं, ते सुचेना म्हणे." आणि मग, "रागच येतो नुसता."

परतीची रिक्षा मिळाली. घरी आलो तर मुलं टीव्हीसमोर झोपलेली, नवरा येऊन गवार शिजवत होता.

रविवारी संध्याकाळी लिलाव संपला. बेंजो पाच हजारांना मस्कतला गेला, असं अंकलनी ग्रुपवर जाहीर केलं. कोणी चेष्टा केली नाही. उलट ट्रेडमिलवाल्या साहेबांनी अभिनंदन लिहिलं. त्यांच्या मशीनला माझ्या आकड्याच्या दुप्पट बोली मिळाल्यामुळे ते मवाळ झाले होते. तिने बँकेतून काढून अंकलना पैसे आणून दिले. बेंजो मात्र घरी न्यायला तयार होईना.

"ज्यांनी घेतलाय ते येऊन नेतील," म्हणाली.

तो आमच्याच कपाटावर राहिला. दुसऱ्यांच्या वस्तू एकेक करून गेल्या, हॉल मोकळा झाला, तो तिथेच. मला त्याची धास्तीच होती. धाकटा स्टूल लावून चढायचा आणि तारांत पेन्सिल घालायचा. उंदीर लागतील, दमट हवेने लाकूड फुगेल. रोज सकाळी उठल्यावर मी आधी तिकडे बघायचे. ती यायची, चहा प्यायची, फोनवर काय झालं ते कधी सांगायची, कधी नाही. आता ती मधेच एखाद्या मंगळवारी, बुधवारी बूथवर जायची. काही वेळा तिथून तणतणत परतायची. हा फोन केव्हातरी तुटेल आणि मग कपाटावरची ती वस्तू आपल्याकडेच राहील, असं मला वाटत राहायचं.

पावसाळा सरल्यावर तो रजेवर आला. सकाळीच बेल वाजली. दारात तो एकटा. पूर्वी जिन्यात भेटायचा त्याहून बारीक झालेला, कानाजवळचे केस पांढरे.

"वहिनी, माझी वस्तू न्यायला आलोय."

मी त्याला बसवलं. बेंजो खाली काढून पुसला. त्याने तो मांडीवर घेतला, गंजलेल्या तारेवरून बोट फिरवलं, सैल बटण हलवून बघितलं. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "तीनशेचा तुम्हाला राग आला असेल." आणि घसाऱ्याचा सगळा हिशोब त्याच्यासमोर मांडला. दुकानदार काय म्हणाला, तेही सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला. "जास्त नाहीच मिळणार याला." मग म्हणाला, "साइट ऑफिसात दुपारी मेल बघतो आम्ही. सगळे बाजूला उभे असतात. आकडा वाचला आणि जेवण गेलं नाही बघा. तिने तो का दिला, हे डोक्यातच आलं नाही. एवढ्याशा पैशांत जाणार आपला बेंजो, एवढंच. त्यामागचं कळायला मला पाच हजारांपर्यंत जावं लागलं."

"तिने तर पन्नास सांगितले होते," मी बोलून गेले.

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "पन्नास," म्हणाला. "तिच्या मामेबहिणीच्या हळदीला मी हाच वाजवत होतो. तिथे तिने मला बघितलं. पन्नास रुपये."

इतक्यात तीच खाली आली. दारातूनच म्हणाली, "इथे काय बसलात? चहा गार होतोय वर." त्याने बेंजो चादरीत गुंडाळला. ती आत येऊन दुसऱ्या टोकाने वायर गोळा करायला लागली. दोघं जिना चढून गेली. त्या दिवशी मी हातातलं काम सोडून सारखी वरच्या आवाजाकडे कान देत होते. भांड्यांचे आवाज आले, बोलण्याचे आले, एकदा मोठ्याने भांडल्याचे आले. बेंजोचा आला नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. रजा संपल्यावर तो परत गेला. ठरलेली मुदत त्याला पुरी करायचीच होती. पुढच्या वर्षी तिने लॅबमधून बिनपगारी रजा घेतली आणि ती तिकडे गेली. सहा जणांच्या खोलीतून तो एका छोट्या खोलीत आला होता. दिवसभर एसीच्या गारव्यात बंद राहून तिचा जीव गुदमरला आणि ठरल्यापेक्षा लवकर ती परत आली. मुदत संपल्यावर तोही आला. जवळच मुर्ध्याकडे नव्या इमारती उठत होत्या, तिथे एसीची कामं घ्यायला लागला. सुरुवातीला कामं मिळत नव्हती, तेव्हा चिडचिड करायचा. तीही ऐकून घेत नव्हती.

अभ्यासिका झाली. टेबलं आली, ट्यूबलाइट आल्या. परीक्षेच्या दिवसांत मुलं तिथे चिकटून बसायची आणि बाकीच्या दिवसांत कॅरम खेळायची. अंकलना दुसऱ्या वर्षी पुन्हा लिलाव करायचा होता. मी त्यांना सांगितलं, वस्तू ठेवायला घर देते, फोटो देते, पण आकडे दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. त्यांनी सी-विंगमधल्या एका सीएला पकडलं आणि लोक त्याच्यावर रुसायला लागले. मला बोरिवलीच्या एका इन्शुरन्स सर्व्हेयरकडे अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. तिथे परत दाव्यांचे कागद आले. पण आता समोरचा माणूस वस्तूबद्दल सांगायला लागला की मी त्याला मधेच तोडत नसे. त्यामुळे माझी कामं उशिरा संपायची आणि सर्व्हेयरसाहेब कुरकुरायचे.

ती मस्कतहून परतली त्या आठवड्यात भाजीच्या गाडीवर भेटली होती. मी विचारलं, "कसं वाटलं तिथे?"

"घर म्हणजे नुसता डबा," ती म्हणाली. "करमत नव्हतं. पण भांडण झालं की त्याच दिवशी मिटायचं, ताई. जाणार कुठे? दोघंही तिथेच."

भाजीवाला मेथी किती देऊ म्हणून विचारत होता. तिने दोन जुड्या निवडल्या, एक माझ्या पिशवीत टाकली आणि पैसे तीच देणार म्हणून हटून बसली.